वाकड्या भोपळ्यांसाठी एक प्रोसेसर

शाहीन शिकलगार दुकानात आली ती काखेत भोपळा घेऊन. वाळलेला, हलका, कळशीएवढा भोपळा. तो तिने काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “सर, याच्यासाठी प्रोसेसर बघायचाय.”

“त्याला सुरी लागती, ताई,” माझा पुतण्या सुकुमार आतून म्हणाला. “भांड्याचं दुकान पलीकडं आहे.”

सांगलीतलं हे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान सुकुमारचं. मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आता सकाळी दहा ते एक तिथे बसतो. सुकुमार विकतो, मी समजावतो. त्याच्या मते माझ्या समजावण्याने निम्मी गिऱ्हाइकं पळतात. शाहीन माझी आठवीतली विद्यार्थिनी. तास संपल्याची घंटा झाली की हिचा पहिला प्रश्न यायचा. आता ती पस्तिशीची झाली होती आणि मिरजेत वडिलांबरोबर तंबोरे बनवत होती.

मी भोपळा उचलून फिरवला. एका बाजूने तो जरा जड लागत होता.

“या बाजूला सात मिलिमीटर जाड आहे, त्या बाजूला सहा,” ती म्हणाली. “माळ्यावर असे एकशे चाळीस आहेत. गोल, सारख्या जाडीचा एकही नाही.”

तंबोऱ्याचे भोपळे भीमेच्या काठी पिकतात. गेली पाचसहा वर्षं उन्हाळा लांबत गेला, अवेळी पाऊस येत गेला, आणि वेलावरचे भोपळे एका अंगाने फुगायला लागले. अशा भोपळ्याचा तंबोरा केला तर तो दोन आवाजांत बोलतो. एक सूर वर तरंगतो, दुसरा खाली घुटमळतो. बऱ्याच कारखान्यांनी भोपळा सोडून फायबर धरलं होतं. शाहीनचे वडील दस्तगीरभाई फायबरला हात लावायला तयार नव्हते.

“धारवाडच्या संगीत विद्यालयाला संक्रांतीपर्यंत चार तंबोरे हवेत,” शाहीन म्हणाली. “अब्बांनी सांगून टाकलंय, हे चार भोपळ्याचे झाले तर कारखाना चालू, नाहीतर जागा शेजारच्या गादीवाल्याला गोदामाला द्यायची. त्याने मापंसुद्धा घेऊन ठेवलीत.”

“आणि कॉम्प्युटर काय करणार?”

तिने खिशातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं. ते भोपळ्याच्या सालीवर फिरवलं की आतपर्यंतची जाडी कळते, सोनोग्राफीसारखंच. तीन हजार ठिकाणची जाडी मोजायची आणि ती एका प्रोग्रॅमला द्यायची. काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या मुलांनी तो प्रोग्रॅम करून सगळ्यांना मोकळा ठेवला होता. हा भोपळा कसा घुमेल, आतून कुठे अर्धा मिलिमीटर खरवडायचं, कुठे भुसा आणि सरसाचा थर द्यायचा, ते तो सांगत असे. पण खरवडलं की पुन्हा मोजायचं, पुन्हा गणित करायचं. एका भोपळ्याला अशा चाळीस फेऱ्या. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका फेरीला दोन दिवस लागत होते. लांबचा मोठा कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचा तर चाळीस फेऱ्यांचं भाडं तंबोऱ्याच्या किमतीवर जात होतं.

सुकुमारने तीन खोके आणून ठेवले. “हा सोळा कोअरचा. सगळ्यात भारी. डोळे झाकून घ्या.”

“डोळे उघडे ठेवून घेऊ या,” मी म्हणालो.

“झालं. काकांचा तास सुरू.”

मी शाहीनला विचारलं, “तुमच्या कारखान्यात एका तंबोऱ्यावर एका वेळी किती माणसं बसू शकतात?”

“तीन. फार तर चार. त्यापुढे एकमेकांच्या हाताला हात लागतात.”

“प्रोसेसरमधला एकेक कोअर म्हणजे एकेक कारागीर. सोळा ठेवले तरी काम सोळांत वाटता आलं पाहिजे. खोक्यावर गिगाहर्ट्झ लिहिलंय तो त्या कारागिराच्या हाताचा वेग. सगळे या दोनच गोष्टी बघतात. पण तुझे अब्बा पटाशी, कानस, दोरा कुठे ठेवतात?”

“मांडीपाशी.”

“आणि ते सगळं आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं तर?”

ती हसली. “दिवसभर उठबस होईल.”

“प्रोसेसरलाही मांडीपाशी थोडी जागा असते. कॅश म्हणतात तिला. हाताशी असलेली मेमरी. तुझ्या गणितात भोपळ्यावरचा प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्याला सारखा विचारतो, तू किती हललास, तू किती हललास. तीन हजार बिंदूंची ही विचारपूस मांडीपाशीच झाली पाहिजे. हा मधला बघ. आठच कोअर, पण हाताशी असलेली मेमरी सोळावाल्याच्या दुप्पट. किंमत त्याच्या निम्म्याहून कमी. सोळावाल्यात निम्मे कारागीर सामानाची वाट बघत बसतील.”

तिसरा खोका सगळ्यात स्वस्त होता. तो सुकुमारनेच उचलून मागे ठेवला. त्यात हाताशी जागाच नव्हती, आणि ते त्यालाही माहीत होतं.

आता खरी गोष्ट सांगायची होती. आठदहा वर्षांपूर्वीपर्यंत प्रोसेसरच्या आतल्या वाटा कारखान्यात एकदा आखल्या की कायमच्या. मग एक नवा पदार्थ सापडला. दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे त्याचा अगदी पातळ थर देतात. त्यातून जितक्या वेळा वीज जाईल तितका तो विजेला कमी अडवतो. माळावर माणसं रोज एकाच बाजूने गेली की गवत मरतं आणि पायवाट पडते, तसंच. नव्या चिपचे पहिले एकवीस दिवस हा थर मऊ असतो. त्या दिवसांत तिला जे काम द्याल त्याच्या वाटा तिच्यात रुंद होत जातात. एकविसाव्या दिवशी चिप स्वतःला एकदा ठरावीक तापमानापर्यंत तापवते आणि वाटा पक्क्या होतात. मळलेल्या रस्त्यांवर ती साध्या चिपच्या जवळजवळ हजारपट धावते. न मळलेले रस्ते मात्र अरुंद बोळ होऊन बसतात. लोक याला चिप रुळवणं म्हणतात.

त्यामुळे प्रोसेसर विकत घेणं ही निम्मीच खरेदी झाली. उरलेली निम्मी एकवीस दिवसांत घरी होते. आमच्याकडून एका फोटोग्राफरने लग्नाच्या व्हिडिओंसाठी भारी चिप नेली. त्याच्या मुलाने ते एकवीस दिवस, बाबा बाहेर गेले की, मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळून काढले. आता त्या चिपवर मोटारी सुसाट पळतात आणि नवरानवरी अडखळत चालतात.

“तयार रुळवलेल्या चिपाही मिळतात,” सुकुमार म्हणाला. “गेमसाठी, सिनेमासाठी, नकाशांसाठी. भोपळ्यासाठी कुणी केलेली नाही, ताई. तुमचीच पहिली.”

“म्हणजे मीच रुळवायची,” शाहीन म्हणाली.

“जे काम पुढे हवंय तेच द्यायचं,” मी म्हणालो. एवढं एक वाक्य मी बरोबर बोललो होतो. तिने मधला खोका घेतला.

चार दिवसांनी मी मिरजेला गेलो. कॉम्प्युटर मांडून झाला होता आणि त्याच्या चारी बाजूंनी तंबोरे उभे होते. एक, दोन, करता करता अठरा मोजले.

“गावातनं गोळा केले, सर,” दस्तगीरभाई म्हणाले. सत्तरीचे, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. “हा माझ्या वालिदांच्या हातचा. तो कोपऱ्यातला एका बाईंनी चाळीस वर्षं गायला घेतला. सगळे अव्वल भोपळे. ही त्यांचीच मापं घेती आणि मशीनला देती.”

“आणि माळ्यावरचे?”

“ते आत्ता नको.” त्यांनी मला बसायला पाट सरकवला. “आमच्यात नवा माणूस शिकायला बसला की पहिले चाळीस दिवस त्याला वाईट तंबोरा ऐकूच देत न्हाईत. दुरुस्तीला आलेला तंबोरा त्या दिवसांत त्याच्यासमोर छेडायचासुद्धा न्हाई. कान कच्चा असतो. जे पहिलं बसंल ते जन्मभर ऱ्हातं. तुमची चिप पण कच्ची हाय म्हणता. मग तिला चांगलंच ऐकवायचं.”

शाहीनने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. पण ते अठरा तंबोरे, त्यांच्यासाठी दारोदार फिरलेला म्हातारा माणूस, आणि त्याचं इतकं नीट बोलणं. मला वाटलं, यात चूक काय आहे? मीही वर्गात नेहमी फळ्यावर सुबक उदाहरणच घालत आलो होतो. बाकी शून्य उरणारा भागाकार, सरळ रेषेत येणारा आलेख.

“हरकत नाही,” मी म्हणालो.

रोज संध्याकाळी शाहीनचा फोन यायचा. पहिल्या दिवशी एका फेरीला अर्धा तास. पाचव्या दिवशी दहा मिनिटं. बाराव्या दिवशी एक मिनिट. विसाव्या दिवशी तिने नुसतं “दोन सेकंद, सर,” असं म्हणून फोन ठेवला. एकविसाव्या दिवशी चिप तापली, थंड झाली, आणि पडद्यावर ती पक्की झाल्याची खूण आली.

बाविसाव्या दिवशी माळ्यावरचा पहिला भोपळा खाली आणला. सकाळी सातला गणित लावलं. दोन सेकंद गेले, दोन मिनिटं गेली. मी दहाला पोहोचलो तेव्हा पडद्यावरचं चाक फिरतच होतं. संध्याकाळी सहाला उत्तर आलं.

“अकरा तास,” शाहीन म्हणाली. “रुळवली नसती तरी याहून लवकर झालं असतं.”

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. तेच मनाला जास्त लागलं. तो प्रोग्रॅम हुशार होता. भोपळा सगळीकडून सारखा असला की तो संत्र्याच्या एका फोडीएवढाच भाग सोडवायचा आणि बाकीच्या फोडी त्याच्याच नकला म्हणून मांडायचा. अठराही भोपळे अव्वल, म्हणजे सारखे. एकवीस दिवस चिपने फक्त एका फोडीचं गणित केलं होतं. त्याच वाटा मळल्या. वाकड्या भोपळ्याला एकही फोड दुसरीसारखी नसते. तिथे सगळा भोपळा सोडवावा लागतो, आणि त्या वाटा न मळता अरुंद बोळ होऊन पक्क्या झाल्या होत्या.

हे मी सांगितलं. मग शाहीन वडिलांकडे न बघता म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, अब्बा. माळ्यावरचे दोनतीन मधूनमधून देऊ. तुम्ही म्हणालात, कान नासंल.”

“माझ्या कानाच्या कमाईवर तुझं शिक्षण झालं,” दस्तगीरभाई म्हणाले.

“मशीनला कान नसतो.”

“मग कशाला आणलंस?”

ती उठून आत गेली. दस्तगीरभाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुरुस्तीचा एक तंबोरा पुढ्यात ओढला.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मला कळायला हवं होतं. मी गप्प बसलो.”

“तुम्ही मास्तर,” ते तंबोऱ्याकडे बघत म्हणाले. “तुम्ही गप्प बसला म्हणून आम्हाला वाटलं, बरोबर हाय.”

पस्तीस वर्षांत कुठल्याही पालकाने मला इतकं खरं ऐकवलं नव्हतं.

हिशोब सोपा होता. चार भोपळे, प्रत्येकी चाळीस फेऱ्या, फेरीला अकरा तास. त्र्याहत्तर दिवस रात्रंदिवस मशीन चाललं तरच चार भोपळे तयार. दांडी, भोपळ्यावरची लाकडी तबली, पॉलिश, तारांची जवारी यांना वेळ सोडून आमच्या हातात वीस दिवस होते. नवी चिप घेऊन पुन्हा रुळवायला एकवीस. सुकुमार म्हणाला, “काका, चिप अर्ध्या किमतीत देतो, पण दिवस कुठनं देऊ?”

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मिरजेला गेलो. खरं तर शाहीनला एवढंच सांगायला, की फायबरचे चार घेऊन धारवाडचा शब्द पाळ. गादीवाला दारातच भेटला. हातात टेप होता. माळ्याची उंची घ्यायची राहिली होती म्हणे.

आत बाप आणि लेक पाठीला पाठ लावून काम करत होते. दोघं माझ्यामार्फत बोलत होती.

“सर, त्यांना विचारा, सरसाचा डबा कुठे ठेवलाय.”

“सर, तिला सांगा, जिथं रोज असतो तिथं.”

दस्तगीरभाईंच्या मांडीवर तंबोरा होता आणि ते जवारी लावत होते. तंबोऱ्याच्या पोटावर हस्तिदंतासारखी पांढरी घोडी असते. तिच्यावरून तार जाते. तारेखाली बारीकसा दोरा सरकवत न्यायचा. एका केसाएवढ्या जागेवर तो आला की तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. मी ते बघत बसलो. दोरा सरकवायचा, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा सरकवायचा.

“एवढं नेमकं कसं कळतं?” मी विचारलं. वेळ घालवायला विचारलं, इतकंच.

“वाईट आवाज ऐकायचाच न्हाई,” ते म्हणाले. “तो ऐकत बसलं तर माणूस येडा होईल. चांगला आवाज डोक्यात असतो, पक्का. त्याच्यावर हा ठेवायचा आणि मधी किती अंतर पडलं, तेवढंच ऐकायचं. अंतर लहान असतं. तेवढं काढून टाकायचं.”

ते पुन्हा दोऱ्याकडे वळले. मी मात्र पाटावरून उठलो होतो.

“शाहीन, नऊशे अठ्ठ्याण्णव गुणिले सात किती?”

ती आठवीत असल्यासारखी चटकन म्हणाली, “सहा हजार नऊशे शहाऐंशी.”

“कसं केलंस?”

“हजार साते सात हजार. त्यातून दोन साते चौदा वजा.”

“नऊशे अठ्ठ्याण्णवला हात लावलास का?”

“नाही. तो हजारच्या जवळ आहे ना.” आणि मग तिचे हात थांबले. तिने हातातली कानस खाली ठेवली. “सर, चिपला हजार पाठ आहे.”

“दोन सेकंदांत.”

“मग वाकडा भोपळा तिला सोडवायला द्यायचाच नाही. गोल भोपळा द्यायचा, आणि फरक वेगळा.”

दस्तगीरभाई आमच्याकडे बघत होते. “सर, तिला विचारा, काय चाललंय.”

तिने मला मध्ये घेतलं नाही. त्यांच्यासमोर येऊन बसली आणि माळ्यावरचा भोपळा मांडीवर घेतला. “अब्बा, गोल भोपळा घुमतो तेव्हा त्याचं अंग सगळीकडे सारखं हलत नाही. काही जागा खूप हलतात, काही जागच्या जागी असतात. चिपला त्या सगळ्या जागा तोंडपाठ आहेत. तुमच्याच अठरा तंबोऱ्यांवरून. आता या भोपळ्याची जाडी जिथे कमीजास्त आहे ती जागा जर न हलणारी असेल, तर तिथे जाड असला काय, पातळ असला काय, आवाजाला फरक पडत नाही. खूप हलणारी असेल तर तेवढाच फरक मोजायचा आणि तेवढंच खरवडायचं.”

“अंतर ऐकायचं,” दस्तगीरभाई म्हणाले.

“हो.”

“मग ते मी कवापासून सांगतोय.”

“तुम्ही सरांना सांगत होता,” ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा दोघांपैकी एक जण हसलं. कोण ते मी सांगत नाही.

प्रोग्रॅममध्ये तेवढा बदल करायला तिला दीड दिवस लागला. पण नुसतं लवकर आलेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही. हे मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो आणि एकदा स्वतः विसरलो होतो. म्हणून आम्ही पडताळा घ्यायचं ठरवलं. अकरा तास घेऊन आलेलं त्या पहिल्या भोपळ्याचं पूर्ण उत्तर आमच्याकडे होतंच. शाहीनने तोच भोपळा नव्या रीतीने लावला.

तीन सेकंद लागले.

दोन्ही उत्तरं आम्ही शेजारी शेजारी ठेवली. खरवडायच्या चौदा जागांपैकी तेरा तंतोतंत जुळल्या. चौदावी बोटभर सरकलेली होती. दस्तगीरभाईंनी भोपळ्यावर दोन्ही जागी नखाने टिचकी मारली, कान लावला, आणि म्हणाले, “ही तीन सेकंदवाली चुकलीय. अकरा तासवाली बरोबर.”

“म्हणजे जमलं नाही?” मी विचारलं.

“चौदांत एक चूक तर माझीपण होती, सर. ती मी टिचकी मारून काढतो. हिची पण काढीन.”

दुसरी अडचण मात्र खरी होती. नऊशे अठ्ठ्याण्णव हजारच्या जवळ आहे. सातशे बावीस नाही. भोपळा फारच वाकडा असला की ही रीत भलतंच काहीतरी सांगायची. शाहीनने दोन दिवस बसून माळ्यावरचे एकशे चाळीसही मोजले. जाडीतला फरक सव्वा मिलिमीटरपर्यंत असलेले त्र्याऐंशी निघाले. ते या रीतीत बसत होते. सत्तावन्न बसत नव्हते. ते तिने वेगळ्या दोरीला टांगले.

“टाकायचे?” मी विचारलं.

“नाही. त्यांना दुसरी चिप लागेल. सगळा भोपळा सोडवणारी. ती पुढच्या वर्षी.”

चार भोपळे सहा दिवसांत झाले. शाहीन मोजायची, चिप सांगायची, दस्तगीरभाई खरवडायचे आणि टिचकी मारून एखादी जागा नाकारायचे. नाकारलेल्या जागा तिने वहीत लिहून ठेवल्या. बहुतेक दांडीच्या बुडाशी निघाल्या, म्हणून तिने गणितात तिथली चूक सुधारली. शेवटच्या भोपळ्याला त्यांनी एकही जागा नाकारली नाही. त्याचं त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं, पण मी विचारलं नाही.

धारवाडच्या विद्यालयातून हिरेमठ बाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, मोठ्या कुंकवाच्या, कमी बोलणाऱ्या. चार तंबोरे सतरंजीवर मांडले होते. त्यांनी हात लावण्याआधीच दस्तगीरभाई म्हणाले, “बाई, आधी सांगतो. भोपळे वाकडे हायेत. कॉम्प्युटरनं बघून आतनं सारखे केलेत. नको असतील तर आत्ताच सांगा.”

शाहीनने डोळे मिटले. मला वाटतं, तिला हे बाईंनी तंबोरे ऐकल्यानंतर सांगायचं होतं.

बाईंनी पहिला तंबोरा मांडीवर घेतला. चारही तारा छेडल्या आणि थांबल्या नाहीत. पाच मिनिटं त्या नुसत्या छेडत होत्या. मग दुसरा घेतला, तिसरा, चौथा. बाहेरचा गादीवालासुद्धा कापूस पिंजायचा थांबला होता.

“चौथ्याच्या खर्जाच्या तारेची जवारी जरा उघडी आहे, तार जास्त गुंजते,” त्या शेवटी म्हणाल्या.

“ती मी बसवतो. पाच मिनिटं,” दस्तगीरभाई म्हणाले.

“तेवढंच.” त्यांनी पहिला तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला. “वाकडे म्हणालात ते कुठं वाकडे आहेत, मला दिसलं नाही. ही बाजू मांडीवर छान बसते, एवढं मात्र खरं. गोल असला की सारखा घरंगळतोय बघा. मुलींसाठी पुढच्या वर्षी अजून सहा लागतील. असेच चालतील.”

त्या गेल्यावर दस्तगीरभाईंनी सतरंजी गुंडाळून ठेवली. मग त्यांनी फोन घेतला आणि नंबर लावला. समोर कोण आहे ते बोलण्यावरून कळलं. भीमाकाठचा भोपळे पिकवणारा, सदाशिव खरात. त्याने यंदा भोपळ्याचे वेल मोडून कलिंगड लावायचं ठरवलं होतं.

“सदाशिव, बी ठेवलंयस का टाकलंस?… मग पेर. व्हय, मी घेतो… वाकडे आले तरी घेतो. … अरे, सगळे घेतो असं न्हाई म्हणालो. थोडे वाकडे चालतील. फार न्हाईत.”

पलीकडून काहीतरी प्रश्न आला. दस्तगीरभाईंनी फोनवर हात ठेवला आणि शाहीनकडे वळले.

“किती वाकडे चालतील, विचारतोय.”

“सव्वा मिलिमीटर,” ती म्हणाली.

त्यांनी फोनवरचा हात काढला.

“हे बघ सदाशिव, ते फोनवर सांगायचं काम न्हाई. तू पेर. वेलाला भोपळा धरला की माझी मुलगी येऊन बघंल. ती म्हणंल तेवढे ठेवायचे.”